तात्या माझ्या घरचं पाणी पीत नाहीत

मी शेळगाव सोडलं तेव्हा एसटीच्या टपावर माझं रुखवत चढवायला अर्धी आळी लागली होती. लाडू एवढाले, की कंडक्टरनं एकेका लाडवाचं हाफ तिकीट मागितलं. करंज्यांच्या डब्याला खिडकीची जागा मिळाली आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मी दाराजवळ उभी. आत्यानं शेवयांचं एक चर्च केलं होतं, त्याला बत्ताशांची घंटा. ते दोघा चुलत्यांनी मांडीवर तान्ह्या पोरासारखं धरलं होतं. फाट्यावर बस वळली तेव्हा ती घंटा वाजली, असं आत्या मरेपर्यंत सांगत होती. मीही तसंच सांगते. गेलेल्या माणसाला खोटं कशाला पाडायचं?

तुम्ही म्हणाल, सिस्टर व्हायला, म्हणजे मठात निघालेल्या पोरीबरोबर रुखवत कुठून आलं? मंगळूरच्या मदरनंही हेच विचारलं होतं.

त्याचं असं झालं. आमच्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, फादर मोटरसायकलवरून यायचे, तेही ओढ्याला पाणी नसलं तर. बाकी आमचं सगळं गावासारखंच. हळद, केळवण, मानपान आणि मानपानावरून पिढ्यान् पिढ्या चाललेली भांडणं. मी सिस्टर होणार म्हटल्यावर आई काही दिवस फक्त चुलीशी बोलली. तात्या, म्हणजे माझे वडील, सरळ फादरांकडं गेले आणि विचारलं की पोरीचं तिकडं नेमकं होतं काय. फादर भला माणूस. ते म्हणाले, ती प्रभूची वधू होते. फादरांनी हे प्रवचनात म्हणतात तसं म्हटलं. तात्यांनी ते सोयरीक जुळल्याच्या निरोपासारखं ऐकलं.

इथं तात्यांचा धंदा सांगायला हवा, नाहीतर माणूस समजायचा नाही. तात्या मोटारी भरायचे. मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत, विहिरीवरच्या आणि बोअरमधल्या पाण्याच्या मोटारी. व्होल्टेजनं दगा दिला की त्या जळतात. मग आतली जळकी तांब्याची तार उकलायची आणि नवी गुंडाळायची, त्याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. एक फेरा कमी झाला की मोटार घुमते, एक जास्त झाला की तापते. असल्या कामात आयुष्य घालवलेला माणूस शब्दही तसाच धरतो. वधू म्हणालात ना? मग वधूचं सगळं झालं पाहिजे.

झालं. केळवणं सुरू झाली. आमच्या आळीत, वरच्या आळीत, मळ्यांवर, मुलाण्यांच्या घरी. मुलाण्यांच्या काकीनं शीरखुर्मा असा केला की मी वाटी खाली ठेवली तर वाटीच रडायला लागली. पुरणपोळ्या इतक्या झाल्या की नोव्हिशिएटमधल्या, म्हणजे मठातल्या उमेदवारीतल्या, पहिल्या उपासाला मला भूकच लागली नाही. आईनं हळद लावली, आत्यानं ओवाळलं, आणि ज्याच्याशी लग्न त्याची तसबीर पाटावर ठेवून त्यालाही उष्टी हळद लावायची का, यावर बायकांत तासभर वाद झाला. शेवटी लावली नाही. नवरा मोठ्या घरचा आहे, त्याला आवडेल न आवडेल, असं आईच म्हणाली.

निघताना आई मला म्हणाली, "हाक आली की ओ द्यायची. मंग हाक कुणाची का आसंना." तात्या तेव्हा बसच्या तोंडापाशी उभे राहून ड्रायव्हरला रेडिएटरबद्दल काहीतरी शिकवत होते. बस हलली तेव्हा ते खिडकीशी चालत आले.

"पोचलीस की कळीव," ते म्हणाले. "तितलं पाणी कसं हाय ते."

मंगळूरच्या मदर आग्नेसनी आयुष्यात पुष्कळ पोरी आत घेतल्या होत्या. एक ट्रंक आणि दोन जोड कपडे एवढ्यावर येणाऱ्या. माझ्यामागून लाडू रांगेनं आत येताना बघून त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. शेवयांचं चर्च त्यांनी पाहुण्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलं. मुंग्यांनी आधी घंटा खाल्ली, मग छप्पर. वेदी तेवढी शेवटपर्यंत सोडली. मुंग्यांतही भाविक असतात.

मी तात्यांना कळवलं की इथलं पाणी पुष्कळ आहे, आकाशातूनही येतं आणि भिंतीतूनही. माझा ओला परकर वाळला तो थेट सिस्टर होण्याच्या पहिल्या व्रतांच्या दिवशी. त्या दिवसासाठी तात्या दोन गाड्या बदलून आले, नवं धोतर, नवी टोपी. मदर आग्नेससमोर हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, पोरगी बडबडी हाय. पदरात घ्या." मदरना मराठीचा गंध नव्हता. मी अर्थ सांगितला तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पाणावला, आणि मग गंभीर होऊन त्यांनी तात्यांना नारळ आणि पंचा दिला. तात्यांनी तो मानानं घेतला. पण आमच्याकडं त्यांनी काही खाल्लं नाही, पाणीही घेतलं नाही. मला वाटलं, समुद्रकाठचं पाणी मचूळ लागलं असेल. किती बावळट होते मी.

पुढं कायमची व्रतं झाली, नर्सिंग झालं आणि मला झारखंडच्या डोंगरात धाडलं. दवाखाना एक, गावं चाळीस, रस्ता नाही. तिथली थंडी अशी की भिंतीवरच्या चित्रातले देवदूत पंख मिटून बसायचे. आमच्या कम्युनिटीत जितक्या सिस्टर तितक्या भाषा. प्रार्थना हिंदीत, जेवणाच्या टेबलावर इंग्रजी, आणि भांडण ज्याचं त्याच्या भाषेत. माझ्याशी मराठीत भांडायला कुणी नव्हतं. पुण्याला आणि दुबईला गेलेल्या माझ्या भाचरांनो, तुम्हाला हे कळेल. माणसाला आपल्या भाषेत बोलायला मिळालं नाही तर चालतं, दुसऱ्या भाषेत कामं होतात, पोट भरतं. पण आपल्या भाषेत भांडायला नाही मिळालं की आत काहीतरी आंबत जातं.

मग मी कोंबड्यांशी बोलायला लागले. संध्याकाळी त्यांना आत कोंडताना शेळगावच्या साऱ्या उखाळ्यापाखाळ्या सांगायचे. एक काळी कोंबडी तर शेवटी शेवटी मान वाकडी करून "कुठं?" असं विचारायची. मी शपथेवर सांगितलं असतं, पण आम्हाला शपथ घ्यायला परवानगी नाही.

तात्यांचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. पाणी कसं हाय? मी सांगायचे, गार आहे, झऱ्याचं आहे, दगडाची चव आहे. ते तिकडं हं, हं करत राहायचे, जणू घोट घेत असावेत.

आई गेली तेव्हा दोन दिवस तर डोंगर उतरण्यातच गेले. पोचले तोवर मातीवरची फुलं वाळली होती. तात्यांनी मला कबर दाखवली आणि म्हणाले, कोपऱ्यातली जागा घेतलीया, पाणी साचत न्हाय. एवढंच. दोघं उभे राहिलो. मी थापाड्या बायकांची राणी, पण त्या दिवशी नुसती वाळलेली फुलं वेचत राहिले.

मग, इतक्या वर्षांनी, ट्रान्सफरचा कागद आला. जळोची. बारामतीचं जळोची! मी कागद तीनदा वाचला आणि त्या कोंबडीला वाचून दाखवला. जिथून आमच्या शेळगावची एसटी सुटते ती बारामती. जिथं तात्या तार आणायला जायचे ती बारामती. मी रेल्वेत रात्रभर वरच्या बर्थवर हसत होते. खालच्या बाईनं टीसीकडं तक्रार केली.

जळोचीला आमचं म्हाताऱ्यांचं घर आहे. ज्यांना कुणी नाही, किंवा ज्यांचे सगळे आहेत पण येत नाहीत, असे आजोबा. सकाळी उठायचं, चॅपलमध्ये प्रार्थनेला बसायचं, मग पुसणं, पट्ट्या बदलणं, औषधं, भरवणं. मी रोज पंधरा-वीस बापांना भरवते. कुणाला भाकरी दुधात कुस्करून, कुणाला पेज. एक आजोबा दर घासाला म्हणतात की मीठ कमी आहे. मी दर घासाला म्हणते की तुमची सून चोर आहे. दोघांचं भागतं.

आल्यावर पहिल्या सुट्टीत शेळगावला गेले. दादा घ्यायला फाट्यावर आला होता. वहिनी चांगली बाई, तिनं माझ्यासाठी नवी चादर काढली, वेगळं ताट काढलं, पाट मांडला. मी भांडी घासायला उठले तर तिला भोवळ यायची बाकी राहिली. "सिस्टर, तुमी कशाला?" सिस्टर! मी ज्या मोरीत भांडी घासत वाढले तिथं आता टाइल्स होत्या आणि मला तिथं उभं राहायला परवानगी नव्हती. शेजारपाजारच्या बायका आल्या, पाया पडल्या, गुडघेदुखीचं औषध विचारून गेल्या. पदर धरून बाजूला ओढणारी, "काय गं भवाने, जाडी झालीस" म्हणणारी कुणी उरली नव्हती. झारखंडात मी घरापासून लांब होते म्हणून एकटी होते. इथं तर घरातच बसले होते, मग हे काय होतं? संध्याकाळच्या गाडीनं परतताना मी ठरवलं की ठीक आहे, ते घर मला पाहुणी समजतं तर समजू दे. तात्या माझ्या घरी येतील. मी त्यांना माझ्या हातानं वाढीन. बाप जेवून उठला की घर आपलं होतं, असं काहीतरी डोक्यात बसलं. त्यापलीकडं मला काही नको होतं.

तात्या आले. महिन्यातून एकदा यायला लागले. आमच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडं हमीदचाचांचं दुकान आहे, पाइप, नळ, तार, असलं सगळं. तात्यांची आणि त्यांची ओळख माझ्या जन्माआधीची, चाचांचं दुकान बारामती गावात होतं तेव्हापासूनची. तात्या आधी चाचांकडं जायचे. तिथं बाकावर बसून तांब्याभर पाणी प्यायचे, चहा प्यायचे, तोंड पुसायचे आणि मग रस्ता ओलांडून आमच्या फाटकात. मी चहा आणला की म्हणायचे, आत्ताच झाला. जेवायला बसा म्हटलं की फडक्यातली भाकरी दाखवायचे. ती भाकरीसुद्धा आमच्या आवारात सोडायचे नाहीत, परत चाचांच्या बाकावर.

मी चाचांना जाऊन झापलं की माझ्या बापाला तुम्ही आधीच पाजून पाठवता. चाचा शांतपणे नळाच्या तोट्या मोजत म्हणाले, "बेटी, तुझा बाप मला काय म्हणतो ठाऊक आहे? हमीद, लेकीच्या दारात तुझं दुकान हाय, लई बरं झालं. तहान भागवून आत जाता येतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं लेक दिली की बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. तिला मूल झालं की मग ती अट सुटते. बाप नातवंडाला मांडीवर घेतो आणि लेकीच्या हातचं जेवतो. आता नव्या पिढीत कुणी हे पाळत नाही, आमच्या दादाचे सासरे तर येताना पिशवीतून मटण घेऊन येतात. पण तात्या पाळत होते. मंगळूरला, त्या पहिल्या व्रतांच्या दिवसापासून पाळत होते. आणि माझ्या घरी नातवंड कुठून येणार?

मी हरणारी नव्हे. मी त्यांना म्हटलं, हे पाणी आमचं नाही, नगरपालिकेचं आहे. ते म्हणाले, नळ कुणाच्या भितीत हाय? मी शहाळं कापलं. ते म्हणाले, माड कुणाच्या आवारात हाय? मग मी जळोचीच्या फादरांना मध्ये घातलं. फादरांनी त्यांना समजावलं की हे काही लेकीचं घर नव्हे, हे प्रभूचं घर आहे. तात्या म्हणाले, "म्हंजी जावयाचं घर. मंग तर न्हायच न्हाय."

सुपिरियर, म्हणजे आमच्या घराची प्रमुख सिस्टर, बदलली की त्यांची विहीण बदलायची. जगात इतक्या विहिणी कुठल्या माणसाला नसतील. प्रत्येकीला ते जाताना हात जोडून सांगायचे, पोरगी बडबडी हाय, पदरात घ्या. केरळच्या, गोव्याच्या, सगळ्यांनी घेतलं.

मग एका उन्हाळ्यात आमच्या बोअरची मोटार जळाली आणि मला वाटलं, प्रभूनं माझी बाजू घेतली. कारण तात्यांची एक रीत साऱ्या इंदापूर तालुक्याला ठाऊक होती. मोटार बसवली, बटण दाबलं, पाणी आलं, की पहिली ओंजळ ते स्वतः प्यायचे. पाणी चाखल्याशिवाय काम संपलं असं धरायचेच नाहीत. एकदा कऱ्हाटीला एका बागायतदाराच्या विहिरीत उतरले होते. ती विहीर एवढी खोल, की वरून पान्हा पडला तर आवाज येईतो वर चहा पिऊन व्हायचा. तिथून अंधार पडता वर आले, अंगात थंडी, तरी आधी पाइपाच्या तोंडाशी जाऊन ओंजळ धरली. अशी रीत. खारं पाणी, गढूळ पाणी, गंजलेलं पाणी, सगळ्या तालुक्याचं पाणी त्या माणसाच्या पोटात होतं. माझ्याच बोअरचं तेवढं नव्हतं.

मी फोन केला. तात्या दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन हजर. वय झालं होतं, तरी कुणाला हात लावू देईनात. तीन पायांची घोडी उभी करून पाइप वर ओढले, मोटार चाचांच्या ओट्यावर नेली, दोन दिवस तिथंच बसून भरली. आमचे आजोबा लोक खुर्च्या टाकून बघत बसले. मीठवाले आजोबा म्हणाले की फेरा कमी घातलास. तात्या म्हणाले, तुमी आधी दात बसवून या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटार खाली सोडली. बटण दाबलं. पाइपानं आधी खोकल्यासारखं केलं, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. सगळ्या सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. मी तात्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तात्या, वंजळ धरा," मी म्हटलं. "पहिली वंजळ तुमची. कामाची रीत हाय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळं ओळखलं होतं त्यांनी, कदाचित फोनवरच. "तू धर," ते म्हणाले. "तू पी."

मी प्याले.

"गोड हाय का?"

"हाय."

"मंग झालं की काम." आणि ते पान्हे पुसायला लागले.

माझा संताप झाला. इतक्या वर्षांचा. मी सिस्टर आहे, लोक बघतायत, काही भान राहिलं नाही, मी शेळगावच्या बोलीत सुरू झाले. साऱ्या दुनियेच्या हिरीचं पाणी पिता, माझंच तेवढं कडू लागतं का तुम्हास्नी? ही हितली परकी म्हातारी माणसं माझ्या हातचं खात्यात आणि माझा बाप फाटकाबाहेर कोरडी भाकरी मोडतो. काय केलंय मी तुमचं?

तात्यांनी पान्हा पिशवीत ठेवला. पिशवीचा बंद बांधला. मग हळू आवाजात, माझ्याकडं न बघता बोलले.

"गावात लोकं काय म्हणत्यात, तुला ठावं न्हाय. म्हणत्यात, तात्याची पोरगी तशीच ऱ्हायली. आश्रमात ठिवली. तुझा दादाबी कवाकवा तसंच बोलतो, त्याला कळत न्हाय. मी एकटा म्हणतो, ठिवली न्हाय, दिली. हळद लावून दिली, रुखवत दिऊन दिली. आता मी तुझ्या घरचं पाणी प्यालो, तर काय हुईल? तू बिनलग्नाची पोरगी, आन् मी पोरीला भेटाया आलेला बाप. हे तुझं घर न्हाय, वसतिगृह हाय, असं मीच म्हणल्यागत हुईल." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "म्हणून पीत न्हाय."

मी तिथंच कट्ट्यावर बसले. सांगून टाकते, आमच्या मठात येऊन बिशपांनी प्रवचनं दिली, ध्यान-प्रार्थनेचे रिट्रीट झाले, माझ्या व्रतांचा अर्थ मला मोठमोठ्या लोकांनी समजावला. पण माझं घर हे घर आहे, असं पुऱ्या जगात एकाच माणसानं मानलं होतं, आणि ते मानण्यासाठी तो रस्त्यापलीकडं बसून दुसऱ्याचं पाणी पीत होता. त्यानंतर मी चहा विचारायचं सोडून दिलं. विचारलं असतं तर माझीच सोयरीक मी मोडली असती. एक मात्र झालं. त्यांना वाढायची ती इच्छा गेली नाही, फक्त तिच्याबद्दल बोलता येईनासं झालं. आजोबांना भरवताना कधी कधी हात मध्येच थांबायचा, आणि मीठवाले आजोबा म्हणायचे, सिस्टर, घास वाट बघतोय.

मग तात्या विसरायला लागले. दादानं फोनवर सांगितलं की मोटार उघडून बसतात, फेरे मोजता मोजता थांबतात आणि तार हातात धरून तसेच राहतात. आईला हाका मारतात. गिऱ्हाइकं यायची बंद झाली. पण बारामतीची गाडी त्यांना अजून ठाऊक होती, पायांना ठाऊक होती म्हणा. ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे, ते नीट उतरवायचे, स्टँडवरून कुणीतरी रिक्षात बसवायचं, आणि तात्या चाचांच्या दुकानापुढं उतरायचे.

त्या दिवशी शुक्रवार होता. चाचा नमाजाला गेले होते, शटर अर्धं खाली. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर रिक्षांच्या चाकांना धरून ठेवत होतं. मी फाटकाजवळ आजोबांच्या चादरी वाळत घालत होते. पलीकडं तात्या दिसले. बाकावर बसले, उठले, शटरखाली वाकून बघितलं, परत बसले. मी हाक मारणार, इतक्यात ते स्वतःच रस्ता ओलांडून आले. फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले. ओठ सुकले होते.

"सिस्टरबाई," ते मला म्हणाले. "वाईच पाणी मिळंल का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती.

मी आत गेले. कशी गेले ते आठवत नाही. तांब्या भरून आणला. त्यांनी तो वर धरला आणि घटाघटा प्यायले, गळ्यावरून पाणी सदऱ्यात गेलं. मी बघत होते. जे बघायला मी आयुष्यभर तळमळले ते बघत होते. दुसरा तांब्या आणला, तोही प्यायले. मग तोंड पुसून, कारागीर बोलतो तसं बोलले.

"गोड पाणी हाय. मोटार कुणी बसवली?"

"हाय एक कारागीर," मी म्हटलं. "शेळगावचा."

"नीट बसवलीया." त्यांनी तांब्या परत दिला आणि जरा पुढं वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "माझी लेक हितंच कुठंतरी दिलीया बगा. पर तिच्या घरचं पाणी मला चालत न्हाय. म्हणून तुमास्नी मागितलं."

मी "बरं केलंत" असं म्हटलं असावं. दुसरं काय म्हणणार?

आता तात्या आमच्याकडंच असतात. दादाचा नाइलाज झाला, दोनदा ते रस्ता चुकून कालव्याच्या कडेला सापडले. पुरुषांच्या खोलीत खिडकीजवळची खाट त्यांची, शेजारी मीठवाले आजोबा. ते रोज माझ्या हातची भाकरी खातात. शेळगावहून बायका भेटायला येतात आणि म्हणतात, सिस्टर, बघा, शेवटी देवानं तुमची इच्छा पुरी केली, तात्या लेकीच्या घरी जेवले. मी हसते. त्यांना कसं सांगू की लेकीच्या घरी ते अजून जेवलेले नाहीत? ज्या हातानं मी भरवते तो हात एका सिस्टरबाईचा आहे. बाई भली आहे, असं ते तिच्याच तोंडावर तिला सांगतात.

गावातून गेलेल्या तुम्ही सगळ्यांनी, आणि मागं राहिलेल्यांनीही, मला कधी ना कधी विचारलंय की सिस्टर, तुम्हाला घर म्हणजे कुठलं वाटतं? पूर्वी मी मोठमोठ्या थापा मारायचे. स्वर्ग म्हणायचे, शेळगाव म्हणायचे, समोर बिशप असले तर मठ म्हणायचे. आता मी चाचांच्या दुकानापुढच्या बाकाकडं बोट दाखवते.

कारण रोज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तात्या मला म्हणतात, सिस्टरबाई, मला जरा लेकीच्या घराकडं न्या. आत न्हाय जायचं, लांबून बघायचं. मी पाण्याची बाटली पदराआड घेते, त्यांचा हात धरते, फाटक उघडते, रस्ता ओलांडते आणि आम्ही दोघं बाकावर बसतो. समोर आमचंच फाटक. चॅपलचा दिवा लागतो. चादरी हलतात. तात्या बघत राहतात. मीही बघते. तिकडून, रस्त्यापलीकडून, ते खरंच कुणाचं तरी भरलेलं सासर दिसतं.

मग ते मला आत पाठवतात. तुमी जाऊन बघा, खुशाल हाय का, मी बाप, मला सारखं जाता येत न्हाय. मी जाते. माझ्याच घराच्या दारात जरा वेळ उभी राहते, कुणी भेटत नाही, आणि परत येऊन सांगते. काय काय सांगते! तुमची लेक? अहो, तिच्या चुलीवरच्या भाताच्या पातेल्यात शिडी लावून उतरावं लागतं. सासवा इतक्या की वारांप्रमाणे वाटून घेतल्यात. सोमवारची जरा कडक आहे, बाकी गरीब. कोंबड्या तर मराठी बोलतात. तात्या खुदुखुदू हसतात, चाचा तोट्या मोजायचं विसरतात.

परवा त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "एकटी न्हाय ना ती?"

चाचांनी मान खाली घातली. मी समोरच्या फाटकाकडं बघितलं. आयुष्यभर मी ज्या वेगानं थापा मारत आले त्याच वेगानं काहीतरी बोलणार होते, पण त्याची गरज पडली नाही.

"न्हाय," मी म्हटलं. "तिचे तात्या आल्यात तिच्याकडं."

तात्यांनी यावर बराच विचार केला. मग काळजीनं विचारलं, "पाणी प्याले न्हाईत ना तितलं?"

"न्हाय."

"शाणा माणूस हाय," तात्या म्हणाले. समाधानानं पाय लांब केले आणि माझ्यापुढं हात केला. मी पदराआडून बाटली काढून त्यांना पाणी दिलं.